उत्तरे पाठ आहेत, प्रश्न कुठे आहे?

घरी पाहुणे आले की आपल्याकडे एक छोटा कार्यक्रम हमखास होतो. अब्बा मुलाला हाक मारतात, "बेटा, चचाजान को इंग्लिश में नाम बताओ." मूल खणखणीत आवाजात सांगते, "माय नेम इज..." मग शाळेचे नाव, इयत्ता, गावाचे नाव. सगळे बिनचूक. पाहुणे शाबासकी देतात, अम्मीला समाधान वाटते.

हाच कार्यक्रम एकदा उलटा करून पाहा. मुलाला म्हणा, "आता तू चचाजानना इंग्रजीत चार प्रश्न विचार. ते कुठे राहतात, काय काम करतात, कधी आले आणि परत कधी जाणार." बहुतेक मुले इथे थांबतात. काही जण हिंमत करून म्हणतात, "व्हेअर यू लिव्ह?", "व्हेन यू केम?" उत्तर देणारे मूल आणि प्रश्न विचारणारे मूल यांच्यातले हे अंतर फार मोठे आहे, आणि त्याकडे घराचे व शाळेचे दोघांचेही लक्ष कमी आहे.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी, उर्दू अशा सर्व माध्यमांच्या शाळांत इंग्रजी पहिलीपासून शिकवली जाते. म्हणजे दहावीला बसणारे मूल दहा वर्षे इंग्रजी शिकलेले असते. पण या दहा वर्षांत प्रश्न कोण विचारतो? शिक्षक विचारतात, पुस्तक विचारते, परीक्षेचा पेपर विचारतो. मुलाच्या वाट्याला येते ते फक्त उत्तर. वाक्यातला अधोरेखित शब्द उत्तर म्हणून यावा असा प्रश्न तयार करा, हा व्याकरणाचा सराव वरच्या वर्गांत होतो आणि हुशार मुले त्याचे गुण मिळवतातही. पण तो कागदावरचा प्रश्न असतो. त्याचे उत्तर वर आधीच छापलेले असते आणि ते कोणालाही नको असते.

याची किंमत दहावीनंतर कळते. पुलगावसारख्या गावातून मुले-मुली वर्ध्याला, नागपूरला पॉलिटेक्निकला, नर्सिंगला, विज्ञान शाखेला जातात. तिथे शिकवणे इंग्रजीत, पुस्तके इंग्रजीत. न समजणे हा दोष नाही, पहिल्या महिन्यात कोणालाच सगळे समजत नाही. पण ज्याला विचारता येते त्याची अडचण त्याच दिवशी सुटते, आणि ज्याला विचारता येत नाही त्याची अडचण साठत जाते. "सर, व्हाय डिड यू डिव्हाइड बाय टू?" एवढे सहा-सात शब्द जिभेवर आले नाहीत म्हणून मूल गप्प बसते. गप्प बसणाऱ्याला लोक ढ समजतात, आणि हळूहळू ते स्वतःलाही ढ समजू लागते. मुलींच्या बाबतीत तर घरच्यांचा निर्णय पटकन होतो, "नहीं जमता तो रहने दो." मग पालकांना वाटते की चूक माध्यमाची झाली. धाकट्याला कर्ज काढून इंग्रजी माध्यमात घातले जाते. तिथेही शिक्षकच विचारत राहिले आणि मूल फक्त उत्तर देत राहिले, तर फार फरक पडत नाही.

आपल्या भाषा आणि इंग्रजी

मुले चुकतात ती निष्काळजीपणाने नाही. ती आपल्या भाषेच्या नियमाने चालतात. मराठीत आपण म्हणतो, "तू वर्ध्यात राहतोस." प्रश्न करायचा झाला तर "वर्ध्यात" काढून तिथेच "कुठे" बसवतो, "तू कुठे राहतोस?" उर्दूतही तसेच, "तुम कहाँ रहते हो?" प्रश्नाचा शब्द उत्तराच्या जागेवरच बसतो, बाकी वाक्य हलत नाही. इंग्रजीत मात्र दोन गोष्टी घडतात. प्रश्नाचा शब्द उठून सर्वांत पुढे जातो, आणि त्याच्या मागोमाग एक मदतनीस क्रियापद येते. "यू लिव्ह इन वर्धा" याचे "व्हेअर डू यू लिव्ह?" होते. आपली मुले पहिली गोष्ट लवकर शिकतात, दुसरी राहून जाते. म्हणून "व्हेअर यू लिव्ह?" आणि "व्हॉट यू आर डूइंग?" अशी वाक्ये तयार होतात.

प्रश्नाचा शब्द पुढे आणणे आपल्या मुलांना अगदी परके नाही. मकतबात जाणाऱ्या मुलाला विचारा, कब्रेत कोणते तीन प्रश्न विचारले जातील? ते अरबी प्रश्न त्याला तोंडपाठ असतात, आणि ते "मन" म्हणजे कोण व "मा" म्हणजे काय या शब्दांनीच सुरू होतात. अरबीतही प्रश्नाचा शब्द आधी येतो. हे दाखवले की मुलांचे डोळे चमकतात. आणखी एक गंमत त्यांना आवडते. मराठीतले काय, कोण, कुठे, केव्हा, कसे, किती आणि उर्दूतले क्या, कौन, कहाँ, कब, कैसे, कितना हे सगळे "क"चे कुटुंब आहे. इंग्रजीतले व्हॉट, हू, व्हेअर, व्हेन हे त्याच कुटुंबाचे दूरचे नातेवाईक आहेत. हजारो वर्षांपूर्वी या भाषांचे मूळ एक होते. तिकडे त्या आवाजाचा "व्ह" आणि "ह" झाला, आपल्याकडे "क" राहिला.

वर्गात मी हा नियम चार चिठ्ठ्यांनी शिकवते. पहिल्या चिठ्ठीवर प्रश्नाचा शब्द, दुसरीवर मदतनीस, तिसरीवर करणारा, चौथीवर काम. चार मुले चिठ्ठ्या घेऊन रांगेत उभी राहतात, "व्हेन – डझ – युवर ब्रदर – कम?" कोणी जागा चुकवली की वर्गच ओरडून सांगतो. वाक्यात आधीच इज, आर, वॉज, कॅन, विल यांपैकी एखादा मदतनीस असेल तर त्यालाच पुढे आणायचे, "व्हेअर इज युवर बुक?", "व्हेन कॅन वी गो?" तसा कोणी नसेल तरच डू, डझ किंवा डिडला बोलवायचे.

इथे एक चूक जवळजवळ प्रत्येक मूल करते. "व्हेअर डझ ही गोज?", "व्हेन डिड शी केम?" मी मुलांना सांगते, वरणात मीठ एकदाच घालायचे. "डझ"मध्ये "स"चे मीठ पडले आहे, आता "गो"मध्ये पुन्हा नको. "डिड"मध्ये भूतकाळाचे मीठ पडले आहे, आता "केम" नको, साधे "कम" पुरे. स्वयंपाकघरातली ही गोष्ट व्याकरणाच्या व्याख्येपेक्षा जास्त दिवस लक्षात राहते.

"हू"चा प्रश्न जरा वेगळा आहे, आणि इथे मराठी व उर्दू दोन्ही मदतीला येतात. "तुला कोणी बोलावले?" आणि "तू कोणाला बोलावलेस?" उर्दूत "किसने" आणि "किसको". मराठीत "कोणी" आणि उर्दूत "किसने" असेल तर डिडची गरज नाही, "हू कॉल्ड यू?" "कोणाला" किंवा "किसको" असेल तर डिड हवे, "हू डिड यू कॉल?" इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकात यासाठी कर्ता-कर्माची चर्चा असते. आपल्या मुलाला फक्त स्वतःच्या भाषेत एकदा विचारून पाहायचे असते. मातृभाषा चांगली येणे इंग्रजीच्या आड येत नाही, उलट उपयोगी पडते, याचा हा रोजचा पुरावा.

शब्दाला शब्द जुळत नाही तेव्हा

"किती" हा आपला एकच शब्द इंग्रजीत अनेक वाटांनी जातो. किती मुले, हाऊ मेनी. किती दूध, हाऊ मच. किती दूर, हाऊ फार. किती वेळ, हाऊ लाँग. किती वेळा, हाऊ मेनी टाइम्स. किती वाजता, व्हॉट टाइम. म्हणून "किती"चा अर्थ एकटा पाठ करून भागत नाही, तो पुढच्या शब्दासह जोडीने शिकवावा लागतो. "कसा"चेही तसेच. "तुमचे नवे सर कसे आहेत?" याचे मूल "हाऊ इज युवर न्यू टीचर?" असे करते. पण त्यात सरांच्या तब्येतीची चौकशी होते. स्वभाव विचारायचा तर "व्हॉट इज युवर न्यू टीचर लाइक?" असे म्हणावे लागते. आमच्या वऱ्हाडी बोलीत "काहून" आणि "कायले" आहेत, घरच्या बोलीत "काय को" आहे, पुस्तकी मराठीत "का" आणि "कशाला" आहेत. मुलांना सांगावे की "व्हाय" या सगळ्यांच्या जागी चालतो. आणि वाक्याच्या शेवटी येणारा "का", म्हणजे "तू येतोस का?" मधला, हा "व्हाय" नव्हे. त्या प्रश्नाचे उत्तर हो किंवा नाही असते. उर्दूत वाक्याच्या सुरुवातीला येणारा "क्या"ही तसाच, तो "व्हॉट" नव्हे.

आणि एक शब्द असा आहे की त्याला इंग्रजीत जोडीदारच नाही. तो म्हणजे "कितवा". "डॉ. झाकीर हुसेन भारताचे कितवे राष्ट्रपती होते?" हा साधा प्रश्न इंग्रजीत एका शब्दाने विचारता येत नाही. वळसा घालून विचारावे लागते. ज्या भाषेपुढे आपली मुले दबून जातात, त्या भाषेकडे नसलेला एक शब्द आपल्याकडे आहे, हे कळले की वर्गात सगळे हसतात आणि थोडे ताठ बसतात.

डॉ. झाकीर हुसेन हे तिसरे राष्ट्रपती. त्यांचे नाव मुद्दाम घेतले, कारण आमच्या जिल्ह्याशी त्यांचे एक जुने नाते आहे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिथे नेमलेल्या समितीचे अध्यक्ष जामिया मिल्लियाचे झाकीर हुसेन होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात समितीने अहवाल दिला. सात वर्षांचे शिक्षण, तेही मातृभाषेतून, आणि हाताने करायच्या कामाभोवती गुंफलेले. तीच पुढे नई तालीम म्हणून ओळखली गेली. त्या योजनेत इंग्रजी नव्हती, आजच्या पालकांना ते पटणार नाही आणि मलाही इंग्रजी हवीच वाटते. पण त्या विचारातली एक गोष्ट इंग्रजीच्या तासालाही लागू पडते. मूल कामात गुंतले की त्याला खरे प्रश्न पडतात, आणि खरा प्रश्न पडला की शब्द सापडतात.

खरा प्रश्न कोणता?

शिक्षक हातात पेन धरून विचारतात, "व्हॉट इज धिस?" ते पेन आहे हे शिक्षकालाही माहीत असते आणि मुलालाही. हा खरा प्रश्न नव्हे. ज्याचे उत्तर विचारणाऱ्याला माहीत नाही आणि हवे आहे, तो खरा प्रश्न. वर्गात तो निर्माण करायचा असेल तर माहिती दोघांत वाटून द्यावी लागते.

रमजानमध्ये घरोघरी सहरी-इफ्तारच्या वेळांचे पत्रक भिंतीवर असते. त्याच्या दोन प्रती घ्या. एका प्रतीत काही दिवसांच्या इफ्तारच्या वेळा झाका, दुसरीत त्याच दिवसांच्या सहरीच्या. दोन मुलांना समोरासमोर बसवा. एकमेकांचा कागद पाहायचा नाही, फक्त इंग्रजीत विचारून आपला कागद पूर्ण करायचा. "व्हॉट टाइम इज इफ्तार ऑन फ्रायडे?" "व्हॉट टाइम डझ सहरी एंड?" इथे विचारल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि उत्तर नीट ऐकल्याशिवायही नाही. हाच खेळ पुलगाव स्टेशनवरच्या गाड्यांच्या वेळापत्रकाने खेळता येतो. "व्हेन डझ द ट्रेन लीव्ह?", "व्हिच प्लॅटफॉर्म?"

मोठ्या मुलांना मी मुलाखतीचे काम देते. आमच्या गावाला कापड गिरणीचा इतिहास आहे, पुलगाव-आर्वी छोटी रेल्वे होती, ती आता धावत नाही. घरात दादा-दादी आहेत ज्यांना हे सगळे आठवते. मुलांनी आधी पाच प्रश्न इंग्रजीत लिहायचे, मग ते दादांना उर्दूत किंवा मराठीत विचारायचे, आणि मिळालेली उत्तरे दुसऱ्या दिवशी इंग्रजीत सांगायची. "हाऊ मच वॉज द तिकीट?", "हू वर्क्ड इन द मिल?" यात इंग्रजी होते आणि घरातल्या बुजुर्गांजवळ अर्धा तास बसणेही होते. दोन्ही आजकाल कमीच होते.

उत्तर प्रश्नाच्या मापाचे असावे

"व्हेअर डू यू लिव्ह?" असे विचारल्यावर "येस सर" म्हणणारी मुले प्रत्येक शिक्षकाने पाहिली आहेत. ती भीतीने पूर्ण प्रश्न ऐकतच नाहीत. त्यांना एकच सवय लावावी, पहिला शब्द पकडा. व्हेअर ऐकले की जागा सांगायची, व्हेन ऐकले की वेळ, हू ऐकले की माणूस, व्हाय ऐकले की कारण. जागा, वेळ, माणूस किंवा कारण विचारणाऱ्या प्रश्नाला येस-नो हे उत्तर असूच शकत नाही, एवढे ठसले तरी निम्मे काम होते. आणि प्रत्येक उत्तर पूर्ण वाक्यातच हवे हा हट्ट बोलताना सोडावा. "इन पुलगाव" हे उत्तर बरोबर आहे. लिहिताना वाक्य पूर्ण लिहावे.

आणखी एक उत्तर शिकवायला हवे. "आय डोन्ट नो." आपल्याकडे हे म्हणणे कमीपणाचे मानतात. हजरत उमर (र.) यांनी सांगितलेली जिब्रईल (अ.) यांची हदीस आठवून पाहा. शुभ्र कपड्यांतला, प्रवासाची कोणतीही खूण नसलेला एक अनोळखी माणूस येतो, प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसतो आणि एकामागून एक विचारतो, इस्लाम काय, ईमान काय, एहसान काय, कयामत केव्हा. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे मिळतात. कयामतीच्या वेळेबद्दल मात्र प्रेषित (स.) सांगतात की याबाबत विचारणाऱ्यापेक्षा विचारला गेलेल्याला अधिक माहिती नाही. तो गेल्यावर उलगडा होतो की ते जिब्रईल होते, लोकांना दीन शिकवायला आले होते. विचार करा, शिकवायला आलेला फरिश्ता प्रश्न विचारून शिकवतो. आणि ज्यांना सर्वाधिक ज्ञान दिले गेले ते "माहीत नाही" म्हणायला संकोचत नाहीत.

अदब आणि सवाल

काही पालक म्हणतात, जास्त प्रश्न विचारणे बेअदबी आहे, आणि उगाच प्रश्नांचा मारा करण्यास तर दीननेच मनाई केली आहे. बरोबर आहे. पण ती मनाई निरर्थक खोदकाम आणि वादासाठीच्या प्रश्नांना आहे. जाणून घेण्यासाठी विचारण्यास मनाई नाही, तसा हुकूमच आहे. माहीत नसेल तर जाणकारांना विचारा, असे कुरआन सांगते. आणि अन्सारी स्त्रियांची लाज त्यांना दीन समजून घेण्याच्या आड आली नाही, म्हणून हजरत आयेशा (र.) यांनी त्यांची प्रशंसा केली. आपल्या मुली वर्गात हात वर करतात तेव्हा त्या याच वाटेवर असतात.

अदबीने कसे विचारायचे, हेही शिकवावे. "व्हेअर इज द ऑफिस?" हे बरोबर आहे, पण मोठ्यांना विचारताना "कुड यू प्लीज टेल मी व्हेअर द ऑफिस इज?" म्हणावे. इथे "इज" पुन्हा शेवटी गेले. नम्र प्रश्नात आतल्या वाक्याचा क्रम परत सरळ होतो. आवाजही तसाच हवा. माहिती विचारणाऱ्या प्रश्नाच्या शेवटी आवाज खाली येतो. आपली मुले तो वर चढवतात, आणि ऐकणाऱ्याला जाब विचारल्यासारखे वाटू शकते.

घरी काय करता येईल

अम्मी-अब्बांना इंग्रजी येत नसली तरी पुष्कळ करता येते. रात्री जेवताना प्रत्येक मुलाने एक प्रश्न इंग्रजीत विचारायचा, असा रिवाज पाडा. उत्तर उर्दूत, मराठीत कसेही चालेल. पहिल्या आठवड्यात फक्त व्हॉट, दुसऱ्यात व्हेअर, मग व्हेन, हू, व्हाय, हाऊ. मूल बोलत असताना मध्येच चूक काढू नका. ते संपल्यावर मोठ्या भावंडाने बरोबर प्रश्न एकदा शांतपणे म्हणावा, लहानाने परत म्हणावा, बस. "व्हेअर यू लिव्ह?" असे चुकून विचारणारे मूल बरोबर विचारण्यापासून एका शब्दावर आहे. गप्प बसलेले मूल मात्र फार लांब आहे, आणि हसण्याने ते आणखी लांब जाते.

शाळेतून आलेल्या मुलाला आपण विचारतो, "आज काय शिकवले? किती मार्क पडले?" त्यात एक प्रश्न वाढवा, "आज तू वर्गात काय विचारलेस?" पहिले काही दिवस उत्तर येईल, काही नाही. तरी रोज विचारा. आपल्याला रोज हे विचारले जाणार, हे माहीत झाले की मूल वर्गातून एखादा तरी प्रश्न विचारून घरी येईल, इन्शाअल्लाह.